उन्हाळी प्रकल्प नोंदी : भुऱ्या, चिंगी आणि घरातले हातकाम (अकोला, २०२४)

२८ एप्रिल, रविवार

मतदान केंद्रावरचे काम २६ तारखेला संपले, त्यामुळे आजपासून घरातील कामांकडे लक्ष देता येईल. विदर्भातील शाळा १ जुलैला उघडणार असल्याने मे आणि जून असे दोन्ही महिने हाताशी आहेत. त्यातील बहुतेक दिवस सकाळी दहानंतर घराबाहेर पाऊल टाकण्याजोगे नसतात. घरात सासूबाई, सातवीत जाणारा मुलगा, भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा, चिंगी नावाची मांजर आणि मुलाच्या काचेच्या टाकीतील गप्पी मासे आहेत. दुपारभर दारे-खिडक्या बंद करून सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचे असेल, तर हाताला काम हवे, आणि ते काम त्याच खोलीतील जनावरांच्या उपयोगी पडणारे असावे, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. सामान शक्यतो घरातलेच वापरायचे. पहिले काही दिवस काहीही न बनवता केवळ निरीक्षण करायचे, असे मुलाशी ठरले आहे.

१ मे, बुधवार

मुलाने घराचा नकाशा काढून त्यावर भुऱ्या आणि चिंगी कोणत्या वेळी कोठे असतात याच्या खुणा करण्यास सुरुवात केली. सकाळी भुऱ्या अंगणातील निंबाच्या सावलीत असतो. नऊच्या सुमारास तो मोरीतील शहाबादी फरशीवर येऊन पोट टेकवतो आणि कूलर सुरू झाला की मधल्या खोलीच्या उंबऱ्यात येतो. चिंगी हिवाळ्यात कपाटावर झोपते, पण आता ती माठाच्या तिवईखाली, पाझरून ओलसर झालेल्या फरशीवर अंग लांब करून पडते. संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी वरच्या खोलीत दोघेही जात नाहीत. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब साठवलेली उष्णता रात्री खाली सोडत राहतो. रात्री नऊ वाजता वरच्या खोलीत थर्मामीटर ३९ अंश दाखवत होता, तर मधल्या खोलीत ३४.

यावरून कामाची दिशा ठरली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा घाम सुटतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकून जिभेवरील आणि श्वासमार्गातील ओलावा उडवण्यावर असते. मांजर अंग चाटून लाळेच्या बाष्पीभवनाचा आधार घेते. म्हणजे दोघांनाही पिण्यास भरपूर पाणी, वाहती कोरडी हवा आणि पोट टेकण्यास थंड, कठीण जमीन हवी. दुकानातून आणलेली फोमची जाड गादी या दिवसांत पडून राहिली, तर त्यात जनावराचा हट्ट काही नाही. तेव्हा भुऱ्यासाठी पातळ गोधडी करायची. ती पहाटे आणि रात्री कोरडी अंथरता येईल आणि दुपारी ओली करून, पिळून फरशीवर टाकता येईल. चिंगीसाठी मात्र बुटक्या काठाची टोपली करायची, कारण पावसाळ्यात ती पुन्हा उबेची जागा शोधेल.

४ मे, शनिवार

सासूबाईंची ट्रंक उघडली. आत दोन सुती नऊवारी लुगडी, विटलेली धोतरे आणि उशांचे जुने अभ्रे मिळाले. लुगडी वापरून इतकी मऊ झालेली आहेत, की नवे कापड त्यांची बरोबरी करू शकणार नाही. अडचण डांबरगोळ्यांची होती. त्यांतील नॅप्थालीन कुत्रा आणि मांजर या दोघांनाही विषारी असते. मांजराला तर अधिकच, कारण त्याचे यकृत असे पदार्थ निकामी करण्यात फार मंद असते आणि अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटण्याची त्याला सवय असते. म्हणून ट्रंकेतील गोळ्या कागदात बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. कापड दोन वेळा साबणाच्या पाण्यातून काढून गच्चीवर वाळत घातले असून वास पूर्ण जाईपर्यंत ते कापायचे नाही. याच कारणाने मोरीत टाकायचे फिनाईलही बंद केले आहे, कारण भुऱ्या तेथेच पडून असतो आणि चिंगी त्या ओल्या फरशीवरून चालून नंतर पंजे चाटते.

७ मे, मंगळवार

पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी बसवली. बांबूच्या कामट्यांची जुनी चौकट होती, तीत बाजारातून आणलेला वाळा थर देऊन भरला आणि दोन्ही बाजूंनी सुतळीने आवळला. मुळ्या फार दाट भरल्या तर वारा अडतो आणि विरळ ठेवल्या तर पाणी सरळ खाली गळते. चौकट उजेडाकडे धरल्यावर पलीकडचे आकार अंधुक दिसावेत, एवढा थर योग्य असे सासूबाईंचे माप आहे, आणि ते बरोबर ठरले.

पाण्याचा हिशेब मुलाकडे दिला आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, आणि ताटी, माठ, कूलर ही तिन्ही साधने याच एका तत्त्वावर चालतात. वऱ्हाडातील मे महिन्याची हवा अतिशय कोरडी असते म्हणून ती येथे इतकी उपयोगी पडतात. कोकणातील दमट हवेत याच ताटीने खोलीत केवळ ओल वाढवली असती. पण पाणी काही मुबलक नाही. शहराला महान या गावाजवळच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येते आणि नळ काही दिवसांआड सुटतो. म्हणून तांदूळ-डाळी धुतलेले पाणी झाडांना, कपडे विसळलेले शेवटचे पाणी गच्चीवर शिंपडण्यास आणि स्वच्छ पाणी फक्त पिण्यास, माठास, ताटीस व कूलरला, अशी वाटणी केली आहे.

१० मे, शुक्रवार, अक्षय तृतीया

पितरांच्या घागरीची पूजा, पुरणपोळी आणि रस यांत दिवस गेला. शिवणकाम बंद. आंब्याच्या कोया झाकणाच्या बादलीत टाकण्याची सक्ती घरातील सर्वांवर केली आहे, कारण कोय कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अडकू शकते. पाहुण्यांपैकी एकाने भुऱ्यापुढे द्राक्षे धरली होती, ती वेळीच काढून घेतली. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडवू शकतात, ही गोष्ट अजूनही फार थोड्या घरांत ठाऊक आहे. बिया काढलेल्या टरबुजाच्या फोडी मात्र त्याला मिळाल्या.

१३ मे, सोमवार

टोपलीचे काम सुरू झाले. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या पूर्वी घरोघरी होत असत आणि त्या करण्याचा काळ उन्हाळा हाच असे, कारण इतके मोठे, जाड भांडे कडकडीत उन्हाशिवाय आतपर्यंत वाळत नाही. ज्या उन्हाने आपल्याला घरात कोंडले आहे, तेच या कामातील भट्टी आहे.

रद्दीचे बोटभर तुकडे करून ते शुक्रवारी रात्रीच पिंपात भिजत घातले होते. रोज पाणी बदलले, त्यामुळे शाईचा बराच अंश निघून गेला. ते काळपट पाणी गच्चीवर ओतले. आज तो कागद पिळून मुलाने आणि मी आळीपाळीने पाट्यावर वाटला. मिक्सरमध्ये हे काम लवकर होते, पण त्यात कागदाचे तंतू फार बारीक तुटतात आणि भांडे ठिसूळ होते, असे सासूबाईंचे मत आहे. रात्रभर भिजवलेली मेथी वाटून तिचा बुळबुळीत गोळा लगद्यात मिसळला, त्यावर मूठभर मुलतानी माती घातली. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही. मी मेथी थोडी हात राखून घेतली होती, ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "मेथीत कंजुषी नको करू बाई, उंदरानं कुरतडली तं मंग मले सांगू नको." आणखी एक वाटी घातली.

साच्यासाठी पालथे घमेले घेतले, त्यावर ओले धोतर ताणून बसवले आणि त्यावर लगदा थापला. तळाला दोन बोटे जाडी आणि काठाकडे एक बोट. थापताना तळहात सतत ओला ठेवावा लागतो आणि एका जागी दिलेला दाब लगेच शेजारी फुगवटा आणतो, म्हणून मधून कडेकडे गोलाकार जावे लागते. मुलगा यात माझ्यापेक्षा सावकाश आणि म्हणून अधिक चांगला आहे. साचा व्हरांड्यात सावलीत ठेवला आहे. पहिले दोन-तीन दिवस सावलीतच, कारण वरचा पापुद्रा आधी वाळून आकसला तर आतल्या ओल्या थरावर तडे जातात.

१७ मे, शुक्रवार

गोधडी अंथरली. एका नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर असते, त्यामुळे सव्वा मीटरचे सहा तुकडे सहज निघाले. भुऱ्याच्या गोधडीला वर-खाली लुगडे आणि मध्ये धोतराचे दोन पदर एवढेच पुरे आहे. थंडीच्या गोधडीत सात-आठ पदर घालतात, पण येथे ओली गोधडी हाताने पिळता आली पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत वाळली पाहिजे. चारही पदर फरशीवर ताणून कच्च्या टाक्यांनी धरले आणि काठापासून धावदोरा घालण्यास सुरुवात केली. काठाला समांतर एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकून दुसरी, अशी गोधडी बाहेरून मध्याकडे भरत जाते. मध्यापासून सुरुवात केल्यास कापड कडेला ढकलले जाऊन झोळ पडतो. अंथरुणासाठी टाका थोडा लांब चालतो. कुत्र्याच्या नखात मात्र लांब टाका अडकतो, म्हणून येथे तांदळाच्या दाण्याएवढेच टाके घालायचे आणि दोरा मेणावरून ओढून घ्यायचा.

या कामासाठी एक नियम कागदावर लिहून भिंतीला लावला आहे : शिवणकाम सुरू असताना चिंगी खोलीबाहेर. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. असा दोरा एका टोकाला अडकून राहिला तर त्यावर आतडे चुण्या पडल्यासारखे गोळा होते आणि ते कापलेही जाऊ शकते. दोऱ्याचे टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून बाहेर दिसले तरी ते कधीही ओढायचे नसते, जनावराला सरळ पशुवैद्याकडे न्यायचे असते. म्हणून सुया मोजून पिनकुशनला, दोऱ्याचे तुकडे लगेच झाकणाच्या डब्यात, आणि उठताना फरशी झाडून. मांजर आणि दोरा यांची चित्रे कौतुकाने काढली जातात, त्यांत हा भाग कोणी दाखवत नाही.

२१ मे, मंगळवार

टोपली साच्यावरून सुटली. काठावर केसाएवढी एक चीर होती, तीत पातळ लगदा भरला. आता दिवसा गच्चीवर पालथी आणि रात्री आत. ऑइलपेंट किंवा वॉर्निश द्यायचे नाही, कारण चिंगी काठ चाटणार आणि कदाचित कुरतडणार. त्याऐवजी आतून-बाहेरून मैद्याच्या खळीने लुगड्याच्या पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे छापील कागदही झाकला जाईल. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद (तांब्याचा विषारी निळा क्षार) घालण्याची पद्धत आहे, ती येथे वर्ज्य.

२५ मे, शनिवार, नवतपा (सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस) सुरू

पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आहे. जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले असून कामाच्या ठिकाणी मजुरांना पाणी आणि सावली देण्याचे बंधन घातले आहे. खासगी शिकवण्याही सकाळी दहापूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतरच घ्यायच्या आहेत. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात ४५ अंश तापमान गाठले गेले की ती उष्णतेची लाट मानली जाते, मग सरासरी काहीही असो.

घराचे वेळापत्रक आणखी मागे ओढले. भुऱ्याला पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतरच बाहेर नेतो. त्याआधी हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर टेकवून पाहायची आणि सात आकडे मोजेपर्यंत ती ठेवता आली नाही, तर परत फिरायचे. ओली गोधडी त्याने स्वीकारली आहे, मात्र ती कूलरच्या झोतात असली तरच. झोताबाहेर अंथरली की तो उठून फरशीवर जातो. ओले कापड त्याच्या अंगावर पांघरायचे नाही, हे मुलाला समजावून सांगावे लागले. पांघरलेले कापड काही मिनिटांत गरम होते आणि अंगाभोवती दमट हवा कोंडून धरते, अंगाखाली असलेल्या कापडामुळे पोटाची उष्णता निघून जाते.

उष्माघाताची लक्षणे मोरीच्या दारावर लिहून ठेवली आहेत. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४० च्या पुढे जाणे, धाप न थांबणे, दाट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, अडखळती चाल किंवा उलटी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच जागी अंगावर साधे गार पाणी ओतत पंख्याखाली ठेवायचे, दवाखान्यात फोन करायचा आणि नंतर रिक्षा बोलवायची. आधी गार करणे, मग नेणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. आखूड नाकाच्या पग जातीच्या कुत्र्यांना धाप टाकूनही पुरेशी हवा घेता येत नाही. आपल्याकडे मेमध्ये ती जात पाळण्याचा मोह लोकांना कसा होतो, हे मला उमगलेले नाही. गावठी कुत्र्याचे लांब नाक आणि आखूड केस याच हवेत घडलेले आहेत, तरी तोही बंद गाडीत किंवा पत्र्याखाली टिकत नाही.

टाकीतील गप्पी सकाळी पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडत होते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच मावतो. टाकी खिडकीपासून दूर हलवली, दिवा बंद केला, खाणे निम्मे केले आणि हवेचा पंप रात्रंदिवस सुरू ठेवला. नळाचे पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून, क्लोरीन उडाल्यावरच थोडे थोडे घालतो. मुलाने दोन गप्पी कूलरच्या पाण्यात सोडून डासांच्या अळ्या संपवण्याची कल्पना मांडली. पंपात ओढले जाऊन मरतील, म्हणून ती नाकारली. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून कूलर घासून घेणे, हाच डेंगीच्या डासांवरचा खरा उपाय आहे.

३० मे, गुरुवार

चिंगीच्या नखांसाठी खांब केला. बाभळीचे जुने ओंडके जळणात पडलेले होते, त्यांतील एक ९० सेंटिमीटरचा तुकडा दगडी जात्याच्या मोडक्या तळीत लाकडी पाचर मारून उभा केला. खांब मांजराच्या पूर्ण ताणलेल्या अंगापेक्षा उंच हवा आणि डगमगता कामा नये. एकदा हलला की ते पुन्हा त्याच्याकडे जात नाही आणि सोफ्याकडे वळते. त्यावर अंबाडीचा दोर गुंडाळला. नायलॉनच्या दोरात नखे गुंततात आणि सुतळी लवकर पिंजते. अंबाडीचा पीळ मात्र खरबरीत असून नखाखाली थोडा सुटतो, आणि नखाचे जुने टरफल निघण्यासाठी तेवढाच विरोध लागतो. खिळा एकही नाही. दोन्ही टोके लाकडात भोक पाडून आत ओवली आणि मध्ये सुतारकामाचा पांढरा डिंक लावला. खांब माठाच्या तिवईजवळ ठेवला आहे, कारण मांजर झोपून उठल्यावर आधी अंग ताणते आणि तेव्हाच नखे चालवते. पंजांतील ग्रंथींचा वास त्या जागी उरतो, त्यामुळे एकदा वापरलेली जागा ती सोडत नाही.

६ जून, गुरुवार

खळ वाळली, टोपली तयार झाली. चिंगी तिच्यात बसत नाही. टोपली उपडी ठेवली तेव्हा मात्र ती घुमटावर चढून बसली. सासूबाईंना याचे काही वाटले नाही, त्यांनी टोपलीत लसूण भरून ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. लसूण आणि कांदा दोन्ही मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, म्हणून ज्या टोपलीत पुढे मांजर बसेल तीत लसूण नको, असे सांगितल्यावर त्या हसल्या आणि उरलेल्या लगद्यातून लसणासाठी स्वतःची वेगळी टोपली थापू लागल्या. मुलाने तिसऱ्या साच्यावर, बुटकी ताटली पालथी घालून, चिमण्या-साळुंक्यांसाठी दाण्याची थाळी थापली. पाण्यासाठी ती चालणार नाही. पाणी कुंडीखालच्या मातीच्या पसरट बशीतच, दोन बोटे खोल, मध्ये एक दगड ठेवून, आणि रोज बदलून.

१३ जून, गुरुवार

काल आणि आज पावसाच्या सरी पडल्या. हवेत ओल आली, त्यामुळे ताटीचा उपयोग संपला. वाळा सोडवून झटकला, दोन दिवस उन्हात ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळायचा आहे, नाहीतर बुरशी धरते. चिंगी काल रात्री आपणहून टोपलीत झोपली. तीत टाकण्यासाठी उरलेल्या लुगड्याची लहान चौकोनी गोधडी शिवण्यास घेतली आहे.

पावसाच्या सुरुवातीला गोचीड वाढतात. ते कुत्र्याच्या अंगाखेरीज भिंतीच्या भेगांतही राहतात, म्हणून भुऱ्याची गोधडी आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढायची आणि उंबऱ्याजवळील भेगा सिमेंटने बुजवायच्या. त्याच्या कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत रोज पाहण्याचे काम मुलाकडे आहे. खांबावरील दोर मध्यभागी पिंजला असून तेवढे वेढे काढून नवे घालावे लागतील. त्यासाठी रविवारच्या बाजारातून अंबाडीचा दोर आणायचा आहे, आणि या वेळी जाड पिळाचा.